कॉम्प्युटर जुना झालाय, बाद झालेला नाही : ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यांना आणि बनवून घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सरकारी खाती, बँका, विद्यापीठं आणि भरती परीक्षा घेणारी मंडळं यांच्या वेबसाइट बनवणारे सगळे, आणि त्याहून जास्त म्हणजे त्या बनवून घेणारे, चालवून न बघता पास करणारे आणि बिलावर सही करणारे सगळे

विषय : "युअर ब्राउझर इज नॉट सपोर्टेड"

नमस्कार मंडळी,

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन मशीन आमच्याकडे फार कमी विकली जातात, सगळा धंदा जुन्यावर, म्हणजे पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून निघालेले डेस्कटॉप आणायचे, धूळ काढायची, रॅम वाढवायची, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकायची, विंडोज मारायचं आणि झेरॉक्सवाल्याला, क्लासवाल्याला, गुरुजींना, पतसंस्थेला द्यायचे. गावातल्या वाचनालयाची अभ्यासिका आहे, तिथली मशीनंही मीच बघतो, पैसे घेत नाही कारण मी स्वतः तिथंच बसून शिकलो. पोलीस भरती, तलाठी भरती, स्कॉलरशिप, हॉस्टेलचा अर्ज, काय असेल ते, गावातली पोरं-पोरी तिथं बसून भरतात. कुणाच्या घरी कॉम्प्युटर नाही म्हणून तर येतात ना.

तर झालं असं की एका भरतीचे अर्ज चालू असताना, शेवटची तारीख तोंडावर आलेली असताना, त्या पोर्टलचं नवीन रूप आलं. पोरांनी सकाळी लॉगिन उघडलं तर वर लाल पट्टी, तुमचा ब्राउझर चालणार नाही, लेटेस्ट क्रोम टाका. आता अभ्यासिकेतली मशीनं विंडोज सेव्हनवर, आणि विंडोज सेव्हनसाठी क्रोमचा शेवटचा व्हर्जन 109, त्यापुढचा येतच नाही, कितीही वेळा अपडेट दाबा. हेल्पलाइनला फोन लावला तर उत्तर आलं की सर क्रोम अपडेट करा. अहो होत नाहीये. मग सर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून भरा. विषय संपला. पोरं सायबर कॅफेत गेली, तिथं रांग, तिथं फॉर्म भरून द्यायचे वेगळे पैसे, स्कॅनचे वेगळे, आणि आपला पासवर्ड, आधार, ओटीपी सगळं कॅफेवाल्याच्या हातात देऊन मोकळे.

मला काही ते पटलं नाही, म्हणून एका पोराला शेजारी बसवून मी त्याच मशीनवर, त्याच क्रोम 109 मध्ये डेव्हलपर टूल्स उघडले. ब्राउझर कुठल्याही वेबसाइटला आपली ओळख म्हणून एक ओळ पाठवतो, तिला युजर एजंट म्हणतात, त्या ओळीतला 109 खोडून मोठा आकडा टाकला. बस, एवढंच. मशीन तेच, विंडोज तेच, ब्राउझर तोच. लाल पट्टी गायब. फॉर्म उघडला, फोटो चढला, सही चढली, पेमेंट झालं, प्रिंट निघाली. म्हणजे त्या फॉर्ममध्ये 109 ला न जमणारं काहीएक नव्हतं. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जात, टक्केवारी, दोन फोटो, यात काय रॉकेट आहे? कुणीतरी बसून एक आकडा लिहिला होता की याच्या खालच्याला आत घ्यायचं नाही, आणि कुणीतरी ते पास केलं होतं. हे पत्र त्या आकड्यासाठी आहे.

ज्यांना हा सगळा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांना वाटतं की दुकानदार उगाच नवीन मशीन खपवायला बघतोय. मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं, 14 जानेवारी 2020 ला बंद केलं. क्रोमने त्यानंतर तीन वर्षं चालवलं, जानेवारी 2023 मध्ये 109 आला आणि फेब्रुवारीत आलेल्या 110 ला विंडोज 10 लागायला लागलं. फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर, ते लोक जरा दिलदार, त्यांचा 115 हा जुलै 2023 चा व्हर्जन, त्याची ईएसआर म्हणून जी लांब मुदतीची आवृत्ती असते ती त्यांनी विंडोज 7, 8 आणि 8.1 साठी चालू ठेवली, आधी सप्टेंबर 2024 पर्यंत म्हणाले आणि मग मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. ॲपलच्या जुन्या मॅकवाल्यांनाही, म्हणजे मॅकओएस 10.12 ते 10.14 वाल्यांना, तोच आधार. त्यामुळे माझ्याकडे सेव्हनचं मशीन आलं की मी पहिल्यांदा 115 ईएसआर टाकतो, आणि तोही अपडेट करून, कारण 14 मार्च 2025 ला फायरफॉक्सचं आतलं एक जुनं सर्टिफिकेट, म्हणजे खरेपणाचं डिजिटल ओळखपत्र, संपलं आणि ज्यांनी निदान 115.13 पर्यंत अपडेट केलं नव्हतं त्यांची ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधनं, बंद पडायला लागली. हे कुणी सांगत नाही, गिऱ्हाईक येऊन म्हणतं ब्राउझरला व्हायरस लागलाय.

त्याहून जुन्या विंडोज एक्सपीची गोष्ट वेगळी. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला गेला, क्रोम 49 वर थांबला, फायरफॉक्स 52 ईएसआर वर थांबला, आणि आज एक्सपीवरून अर्ज भरू द्या असं मी म्हणणार नाही, म्हणायचंही नाही. सुपरमियम नावाचा ब्राउझर आहे, क्रोमचंच मूळ घेऊन जुन्या विंडोजवर चालेल असा केलेला, एक्सपीवर पण चालतो आणि खरंच भारी चालतो, करणाऱ्याला सलाम. पेल मून आहे, तो सेव्हनवर हलका पडतो. पण मी गावातल्या आजोबांना सुपरमियम टाकून द्यायचा आणि त्यात पेन्शनच्या बँकेचा पासवर्ड टाका म्हणायचं, हे माझ्याच्याने होत नाही. हौशी माणसानं स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा. लोकांना असल्या आडवाटा शोधायला लागतात, त्या कुणामुळे, हा माझा प्रश्न आहे.

आता गाऱ्हाणी.

पहिलं तर वर सांगितलंच, व्हर्जनचा आकडा बघून हाकलणं. ब्राउझरमध्ये एखादी सोय आहे की नाही हे थेट तपासता येतं, कोड लिहिणाऱ्या कुणालाही ते माहीत असतं, आणि युजर एजंट बघून ठरवू नका हे वेब शिकवणारे कितीतरी वर्षांपासून सांगतायत. तरीही आकडा बघितला जातो कारण ते दोन मिनिटांत होतं. उद्या तहसील कचेरीच्या दारात शिपाई उभा करून त्यानं आत येणाऱ्याच्या चपलेचं मॉडेल विचारलं आणि जुनं असेल तर परत पाठवलं, तर पेपरात फोटो येईल. ऑनलाइन तेच होतंय आणि कुणाला दिसत नाही, कारण हाकललेला माणूस मुकाट्यानं कॅफेत जातो.

दुसरं, पांढरं पान. इथं तर लाल पट्टीसुद्धा येत नाही, नुसता कोरा पडदा, माणूस पाच-दहा मिनिटं वाट बघतो, नेट स्लो असेल म्हणतो. कारण काय असतं, की आख्खं पान जावास्क्रिप्टनं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामनं, रंगवलेलं, आणि त्या स्क्रिप्टमध्ये जुन्या ब्राउझरला न कळणारी एखादी खूण. उदाहरण सांगतो, प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून टिंब, ही लिहिण्याची पद्धत क्रोममध्ये 80 व्या व्हर्जनपासून आहे, म्हणजे 2020 पासून. त्याच्या आधीच्या ब्राउझरला ही एक खूण दिसली की तो ती ओळ सोडून पुढं जात नाही, ती आख्खी फाइलच वाचायचं नाकारतो. एका टिंबापायी सगळा फॉर्म मेला. हे टाळायला बेबेलसारखी फुकटची साधनं आहेत, कोड साइटवर चढवायच्या आधी जुन्या पद्धतीत बदलून देतात, सेटिंगमध्ये फक्त किती जुन्यापर्यंत जायचं ते लिहायचं. आणि खरं तर नाव-गाव विचारायला जावास्क्रिप्टची गरजच नाही, साधा एचटीएमएलचा, म्हणजे वेब पान लिहायच्या मूळ भाषेतला, फॉर्म वेबच्या सुरुवातीच्या वर्षांपासून चालत आलाय आणि आजही चालतो. ब्रिटनच्या सरकारी सेवांसाठी नियमच आहे की आधी साध्या एचटीएमएलवर काम व्हायला पाहिजे, बाकीची सजावट त्याच्यावर. तिकडं काय कॉम्प्युटर महाग झालेत म्हणून केलं का? नाही ना.

तिसरं, वजन. दोन जीबी रॅमचं मशीन आहे, मान्य, कमी आहे. पण त्यावर मी पन्नास पानांची पीडीएफ उघडतो, टॅलीसारखं काम चालतं, आणि तुमचं होमपेज उघडलं की माऊस हलत नाही. वर सरकते फोटो, मान्यवरांचे, एकेक फोटो कॅमेऱ्यातून काढला तसाच टाकलेला, खाली पळती अक्षरं, बाजूला उघडमीट होणारी नवीन-नवीनची पिवळी चित्रं, शिवाय चॅटबॉट. अर्ज भरायला आलेल्या माणसाला यातलं काय पाहिजे? गंमत म्हणजे हेच पोर्टल पोराच्या सहीचा फोटो 20 केबीच्या वर गेला की नाकारतं.

चौथं माझ्या मते सगळ्यात विचित्र. एकीकडं लेटेस्ट पाहिजे आणि दुसरीकडं जुनंच पाहिजे. मला एका ऑफिसात बोलावलं होतं, तिथं एक लॅपटॉप कपाटात जपून ठेवलाय, त्यावर इंटरनेट एक्सप्लोरर हा जुना ब्राउझर आणि त्यात जोडलेला जुना जावा प्लगइन, कारण डिजिटल सहीचं एक काम फक्त त्यावरच होतं. क्रोमनं असले जुने प्लगइन सप्टेंबर 2015 मध्ये काढून टाकले, फायरफॉक्सनं मार्च 2017 मध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर स्वतः मायक्रोसॉफ्टनं 15 जून 2022 ला निवृत्त केला. तरी तो लॅपटॉप कपाटात आहे. म्हणजे तुम्हाला जेव्हा स्वतःचं सॉफ्टवेअर बदलायचं नसतं तेव्हा जुनं चालतं, आणि आम्हाला मशीन बदलायचं नसतं तेव्हा चालत नाही, असा हिशोब आहे का हा?

पाचवं लिनक्सबद्दल, आणि इथं मी जरा तापतो. कारण सुरक्षेचं उत्तर म्हणून मी स्वतः लोकांना विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतो. चौसष्ट बिटचं मशीन असेल, अगदी कोअर टू ड्युओ हा इंटेलचा जुना प्रोसेसर असला तरी, चार जीबी रॅम आणि एसएसडी टाकली की लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार बसतो, त्यावर एकदम ताजा फायरफॉक्स, ताजा क्रोम, मराठी टायपिंग पण आतच, लायसनचा पैसा नाही. एका गुरुजींना करून दिलं, ते खुश. आणि मग एका साइटवर गेले तर संदेश, विंडोज 10 किंवा त्यापुढचं लागेल. ब्राउझर लेटेस्ट, तरी नाही. अरे सी-डॅक या सरकारी संस्थेनं बॉस नावाचं भारताचं स्वतःचं लिनक्स केलंय, केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापरायचं धोरण 2015 पासून आहे, आणि साइट मात्र विंडोज मागते! डिजिटल सहीच्या टोकनचे, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या किल्लीचे, ड्रायव्हर (ते यंत्र कॉम्प्युटरवर चालवणारे प्रोग्राम), मग बायोमेट्रिकचं यंत्र, तिथं तर लिनक्सचं नाव काढलं की समोरचा फोन ठेवतो.

बत्तीस बिटवाल्यांचं, म्हणजे त्याहून जुन्या प्रोसेसरवाल्यांचं, तर काय सांगू, त्यांचं सगळीकडूनच आटत चाललंय. लिनक्सवर क्रोमनं त्यांना मार्च 2016 मध्येच सोडलं, डेबियन या लिनक्सचं 13 वं व्हर्जन ऑगस्ट 2025 मध्ये आलं त्यात बत्तीस बिटचा इन्स्टॉलर नाही, लिनक्सवरच्या फायरफॉक्सचा 144 हा त्यांचा शेवटचा, नोव्हेंबर 2025 मधल्या 145 पासून बंद, नंतर फक्त 140 ईएसआर थोडे दिवस. ही मशीनं आता फॉर्म भरायच्या कामाची राहणार नाहीत हे मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, त्याचा दोष तुमच्यावर टाकत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं पण सांगतो. ब्राउझर चालत नाही म्हणून येणाऱ्या मशीनपैकी बऱ्याच मशीनमध्ये ब्राउझरचा काही दोष नसतोच, मदरबोर्डवरचा सीआर 2032 चा गोल सेल संपलेला असतो. सेल संपला की मशीन बंद-चालू केलं की तारीख मागं जाते, 2009 वगैरे, आणि मग प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट चुकीचं दिसतं, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून बोंब. सेल बदला, तारीख लावा, चालू. हे वाचणाऱ्यांनी आधी कोपऱ्यातली तारीख बघा, मग दुकानात या. पण यातही तुमच्या हेल्पलाइनवाल्याला हा एक प्रश्न विचारायला शिकवलं असतं, तर किती लोकांचे हेलपाटे वाचले असते. त्याला लेटेस्ट क्रोमच्या पलीकडं काही सांगितलेलंच नसतं.

आता तुमचं उत्तर मला माहीत आहे, सुरक्षा. खोटं नाही ते. ज्या ब्राउझरला दुरुस्त्या येणं थांबलं त्यावर बँकेचं काम करू नये, हे मी स्वतः सांगतो, आणि बँकेनं पैसे पाठवायच्या पानावर कडक राहावं, माझी तक्रार नाही. पण मग खरं कारण सांगा की, आणि सरसकट एकच कुलूप लावू नका. निकाल बघायला, जाहिरातीची पीडीएफ उतरवायला, सातबारा बघायला, वेळापत्रक बघायला कसली जोखीम? आणि फायरफॉक्स 115 ईएसआर ला सुरक्षेच्या दुरुस्त्या येत असताना तुम्ही त्यालाही हाकललंय, तेव्हा ते सुरक्षेचं कारण नव्हतं, आळस होता. उलट तुमच्या त्या पट्टीमुळे पोरं सायबर कॅफेत जाऊन अनोळखी मशीनवर पासवर्ड टाकतात, क्रोम लेटेस्ट व्हर्जन असं शोधून कुठल्यातरी भलत्याच साइटवरून सेटअप उतरवतात आणि सोबत नको ते घेऊन येतात. ते साफ करायला मग माझ्याकडे आणतात. माझा धंदा होतो, पण असला धंदा नको.

दुसरं उत्तर, मोबाइलवरून भरा. भरतात की, ज्यांना जमतं ते. पण दहा पानांचा अर्ज, मध्येच ओटीपी बघायला बाहेर जावं तर पान रिफ्रेश, फोटो इतक्या पिक्सेलचा आणि सही इतक्या केबीची, घरात एकच फोन आणि तो वडिलांसोबत रानात, साठीच्या पुढच्या माणसाला अक्षर दिसत नाही, आणि शेवटी प्रिंट काढायला दुकानातच यायचं.

हे सगळं आत्ताच का बोलतोय, तर पुढची लाट मोठी आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चाही सपोर्ट संपला, वाढीव मुदत घेतली तरी घरगुती वापरकर्त्याला ऑक्टोबर 2026 पर्यंतच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय पाहिजे आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे चौथ्या, सहाव्या, सातव्या पिढीचे आय-फाइव्ह, जे आज एसएसडीवर पळतात, तेच शाळांत आहेत, पतसंस्थेत आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, ते कागदावर बाद. आज क्रोम आणि फायरफॉक्स विंडोज 10 वर चालतायत. ज्या दिवशी थांबतील त्या दिवशी तुम्ही परत तो आकडा वाढवणार आणि अख्ख्या तालुक्याला लाल पट्टी दिसणार. एकीकडं ई-कचऱ्याचे 2022 चे नियम, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू, आणि दुसरीकडं चालती मशीनं भंगारात घालायला लावायची.

तर मागण्या, सरळ सांगतो.

बँकेचं पैसे पाठवायचं पान सोडलं तर ब्राउझरचा किंवा विंडोजचा आकडा बघून माणसाला अडवणं बंद करा. वाटलं तर सूचना दाखवा, खाली "तरीही पुढे जा" असं बटण द्या.

अर्जाचं पान साध्या एचटीएमएलवर भरता आणि पाठवता आलं पाहिजे. फायरफॉक्स 115 ईएसआर, क्रोम 109 आणि लिनक्सवरचा फायरफॉक्स, एवढ्या तीन ठिकाणी पूर्ण अर्ज भरून दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका. हे टेंडरमध्येच लिहा, नंतर सांगून कुणी करत नाही.

काय लागेल ते नेमकं आणि मराठीत लिहा, लॉगिनच्या आधी, जाहिरातीतच. "लेटेस्ट" लिहू नका, व्हर्जन लिहा, आणि का लागतो तेही लिहा.

अर्जाची मुदत चालू असताना पोर्टल बदलू नका. बदललंच तर जितके दिवस घोळ तितके दिवस मुदत वाढवा.

डिजिटल सही, टोकन, बायोमेट्रिक यांचे लिनक्सचे ड्रायव्हर द्या, नाहीतर दुसरी सोय द्या.

सरकारी वेबसाइटसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, 2023 मध्ये तिसरी आवृत्ती आली, त्यात सगळ्यांना वापरता येईल अशी साइट करा हेच तर म्हटलंय. नवीन काही मागत नाहीये मी.

आणि तपासायला जुनं मशीन कुठून आणायचं अशी अडचण असेल तर माझ्या दुकानात कोअर टू ड्युओपासून चौथ्या पिढीच्या आय-थ्रीपर्यंत चालू स्थितीतली मशीनं आहेत, विंडोज सेव्हनवाली, लिनक्सवाली, दोन जीबीची, चार जीबीची. तुमच्या माणसाला पाठवा, भाडं घेणार नाही. नवीन पोर्टल चालू करायच्या आधी पाठवा मात्र.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला